खारीचा हिरवा मणी

खारी कुत्री पाणी पीत नाही, असं वडिलांनी, अण्णांनी, फोनवर सांगितलं तेव्हा योगिता दवाखान्याच्या आवारात एका म्हशीच्या तुटलेल्या शिंगाला पट्टी बांधत होती.

"घशात हाड अडकलंय बहुतेक," अण्णा म्हणाले. "सकाळपासून तोंड उघडं टाकून बसलीय. मी हात घालून चाचपून बघितलं. काही लागलं नाही."

योगिताचा हात पट्टीवरच थांबला. "हात घातलात? तिच्या तोंडात?"

"मग काय करू? गुदमरत होती बिचारी."

"अण्णा, आता तिच्याजवळ जाऊ नका. मागच्या खोलीत आहे ना? दाराला कडी लावा. आणि नळाखाली हात धरा. साबण लावून, पंधरा मिनिटं. घड्याळ बघून. मी निघालेच."

"अगं, पण तिचा मणी हिरवा आहे."

"माहितेय मला," योगिता म्हणाली. "तरी धुवा."

सोनवळसारख्या तालुक्याच्या गावात योगिता चौदा वर्षं पशुधन पर्यवेक्षक होती. जनावरांना लस टोचणं, कानात बिल्ले मारणं, गाभण गायींची नोंद ठेवणं हे तिचं काम. मात्र गाव तिला ओळखत होतं ते मण्यामुळे. चार वर्षांपूर्वी हा मणी आला. जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा. कुत्र्याला रेबीजची लस दिली की त्याच वेळी मानेच्या कातडीखाली तो बसवायचा. आत एक पातळ पापुद्रा असे. लसीमुळे रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला धरून निकामी करणारे कण, त्या पापुद्र्याला येऊन चिकटत. पुरेशी चिकटली की मणी हिरवा, कमी पडली की पिवळा, नसलीच तर लाल. त्याला बॅटरी नव्हती. कुणीही आपला फोन कुत्र्याच्या मानेजवळ नेला की फोनच्याच लहरींवर तो जागा होई आणि पडद्यावर रंग उमटे.

त्याआधी कुत्रं चावलं की माणसं सरळ दवाखान्यात धावायची. लस कधी असायची, कधी नसायची. काही जण धावायचेच नाहीत, जखमेत मिरची भरून घरी बसायचे, आणि दरवर्षी तालुक्यात तीन-चार माणसं पाण्याच्या पेल्याकडे बघून किंचाळत मरायची. मणी आल्यावर हे थांबलं. हिरवा रंग बघायला मिळावा म्हणून लोक स्वतःहून कुत्री घेऊन येऊ लागले. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांनाही मणी बसले. तीन वर्षांत तालुक्यात रेबीजने एकही मृत्यू नव्हता. हळूहळू नियमही सैल झाले. चावणारं कुत्रं हिरवं असेल तर इंजेक्शनची गरज नाही, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायचीही गरज नाही. दवाखान्याच्या भिंतीवर फलक लागला: 'हिरवा दिसला? निर्धास्त राहा.' ती ओळ योगितानेच सुचवली होती.

अण्णा ओट्यावर बसून होते, कोपरापर्यंत ओले. योगिताने आधी त्यांचे हात पाहिले. उजव्या तर्जनीवर नखाशेजारी बारीकसा ओरखडा होता.

"हे कधीचं?"

"आत्ताचं असेल. दात लागला असेल."

तिने जाड हातमोजे चढवले आणि खिडकीतून आत डोकावलं. खारी पलंगाखाली अगदी कोपऱ्यात होती. एरवी योगिताच्या चपलांचा आवाज आला की ती शेपटी आपटायची. आज तिने नुसती मान वळवली. खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती. ती भुंकायला गेली तर घोगरा, फाटका आवाज निघाला, जणू दुसऱ्याच कुठल्या जनावराचा. पलंगाचा लाकडी पाय तिने कुरतडून ठेवला होता.

योगिताने फोन एका काठीला बांधून गजांतून तिच्या मानेजवळ नेला. पडदा हिरवा झाला.

तीन महिन्यांपूर्वी भाजी बाजाराच्या मागे तिला हे पिल्लू सापडलं होतं. आई गेल्यापासून अण्णा एकटे होते, म्हणून सोबतीला तिने ते त्यांच्याकडे आणलं. त्याच दिवशी लस टोचली, मणी बसवला. तीन आठवड्यांत मणी हिरवा झाला. पण सापडलं तेव्हा पिल्लाच्या मागच्या पायावर एक अर्धवट भरलेली जखम होती. कुंपणाची तार लागली असेल, असं तेव्हा तिने गृहीत धरलं होतं.

तिने खिडकी लावून घेतली आणि फोनवर मण्याचा इतिहास उघडला. कर्मचाऱ्यांना तो दिसतो. मणी कुणाच्या फोनवर तपासला ते कळत नाही, पण कधी तपासला ते कळतं. आत्ताची सोडली तर शेवटची नोंद मंगळवारची होती. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

"अण्णा, मंगळवारी मणी कुणी बघितला?"

अण्णांनी पंच्याने हात पुसायला घेतले. "मीच बघितला असेल."

"तुमच्या फोनवर ते होत नाही. बटणांचा फोन आहे तुमचा."

"मग तूच बघितला असशील."

"मंगळवारी मी कॅम्पला होते. अण्णा, उगाच कुणी मणी बघत नाही. कुत्रं चावलं तरच बघतात. कुणाला चावली खारी?"

"कुणाला नाही," अण्णा म्हणाले, आणि पंच्याची घडी घालू लागले. आधी चार पदरी, मग आठ पदरी.

ग्रामीण रुग्णालयात ती त्यांना घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या शब्दावर, मण्याचा नंबर न विचारता, दंडात लस दिली आणि बोटाच्या ओरखड्यात सीरम टोचलं. सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं. लसीला काम करायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर जखमेपाशी पहारा ठेवायला ती लागतात. अण्णांनी हूं की चूं केलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी पोस्टमन म्हणून घरोघरी पत्रं वाटली होती. विशीत असताना एका वाड्यावरचा कुत्रा पोटरीला चावला, तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली होती.

"हे काहीच नाही त्यापुढे," ते म्हणाले.

"ज्याला चावली त्याला हेही मिळालेलं नाही," योगिता म्हणाली.

अण्णांनी सदऱ्याची बाही खाली ओढली.

रविवारी सकाळी खारी मेली. योगिताने तिच्या मेंदूचा नमुना बर्फात घालून प्रयोगशाळेकडे गाडी रवाना केली आणि डॉ. बेलसरेंना फोन केला. बेलसरे तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी, तिचे वरिष्ठ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहवाल येईपर्यंत कुठे बोलू नका," ते म्हणाले. "हिरव्या मण्याचं कुत्रं पिसाळलं असं लोकांना कळलं, तर काय होईल माहितीय? गल्लीगल्लीत काठ्या निघतील. लस द्यायला कुणी कुत्रं आणणार नाही."

"कळलं, सर. पण कुणीतरी चावलेलं माणूस आहे. ते निर्धास्त बसलंय."

"ते शोधा. शांतपणे शोधा."

ती परत आली तेव्हा अण्णा मागच्या अंगणात खारीला पुरलेल्या जागेपाशी उभे होते. कुदळ अजून हातात होती. योगिता त्यांच्याजवळ गेली. आवाज चढवायचा नाही असं तिने वाटेत ठरवलं होतं.

"अण्णा, ही लक्षणं दिसायला लागली ना, की जगात कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही. आधी इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतं. दिवस मोजून असतात. आज पाचवा आहे."

अण्णांनी कुदळ भिंतीला टेकवली. "खडतरेबाई," ते म्हणाले.

योगिताला नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. निर्मला खडतरे तिच्या चौथीच्या बाई. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, पलीकडच्या आळीत एकट्या राहणाऱ्या.

"त्या इथे काय करत होत्या?"

"येतात," अण्णा म्हणाले. "दुपारच्या. दीडेक वर्ष झालं. पेपर वाचतो, कॅरम खेळतो. कधी त्या भाजी निवडून देतात." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "तुला सांगणार होतो. त्यांच्या मुलाला कुणकुण लागली तेव्हा त्याने फार बोलून घेतलं त्यांना. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

"कुठे चावली?"

अण्णांनी आपल्या डाव्या गालावर बोट ठेवलं. "खारीला मांडीवर घेतलं होतं. एकदम पकडलं तिने. रक्त आलं. बाईंनी आपला फोन तिच्या मानेला लावून बघितला, हिरवा आला. हळद लावली. बुधवारी त्या नाशिकला मुलाकडे गेल्या."

गालावर. योगिताने हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. हा विषाणू रक्तातून फिरत नाही. तो जखमेजवळच्या नसेत शिरतो आणि नसेच्या आतून मेंदूकडे सरकतो, रोज थोडा थोडा. पायापासून मेंदू लांब असतो. गालापासून जवळ.

बाईंचा फोन लागला नाही. मुलाचा, प्रसन्नचा, लागला.

"आईला कपाटाचा कोपरा लागलाय," तो म्हणाला. "तिनेच सांगितलं."

"कुत्र्याचा दात लागलाय. आजच्या आज इंजेक्शन हवं."

"कुठलं कुत्रं? कुणाच्या घरचं?" त्याचा आवाज बदलला. "शेट्यांच्या घरचं का? आणि तुम्ही त्यांची मुलगी. बरं निमित्त शोधलंत तिला परत बोलवायला."

"मला काही बोला, पण बाईंना घेऊन दवाखान्यात या. मी निघतेय. अण्णांनाही आणते."

"त्यांना कशाला?"

"बाई माझं ऐकणार नाहीत कदाचित. त्यांचं ऐकतील."

तीन तासांच्या प्रवासात बापलेक फारसं बोलले नाहीत. एका टपरीवर गाडी थांबली तेव्हा अण्णांनी चहाचा कप नुसता हातात धरून ठेवला. "मी शनिवारी सांगितलं असतं तर एक दिवस वाचला असता," ते म्हणाले. योगिताला धीर द्यायचा होता, पण खोटं बोलवेना. तिने त्यांच्या हातातला गार झालेला चहा घेतला आणि दुसरा आणून दिला.

दवाखान्यात खडतरेबाई आधीच येऊन बसल्या होत्या. प्रसन्न शेजारी उभा होता, हाताची घडी घालून. बाईंच्या गालावर दोन लहान खपल्या होत्या, एखादी मुरुमाची पुटकुळी फुटावी तेवढ्याच. अण्णांना पाहून त्यांनी पदर सारखा केला.

"खारी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"गेली आज सकाळी," अण्णा म्हणाले.

बाईंचा हात गालाकडे गेला. पुढे काही सांगावं लागलं नाही.

डॉक्टर काझी तरुण होत्या. त्यांनी खपल्या पाहिल्या, योगिताचं ऐकलं, आणि संगणकात मण्याचा नंबर घातला. पडद्यावर हिरवी चौकट आली. 'उपचाराची आवश्यकता नाही.'

"हिरव्या नंबरावर सीरमचं कपाट उघडतच नाही," काझी म्हणाल्या. "आणि मलाही प्रश्न आहे. रक्तात प्रतिपिंडं आहेत, तर कुत्रं पिसाळेल कसं?"

"कारण चोर आधी घरात शिरला आणि मग मी दाराशी पहारेकरी बसवला," योगिता म्हणाली. "लस दिली त्याच्या आधीच पिल्लाला कुणीतरी चावलं होतं. पायावर जखम होती. विषाणू तेव्हाच नसेत गेला. प्रतिपिंडं रक्तात असतात, नसेच्या आत ती पोचत नाहीत. मणी खरं तेच सांगत होता, रक्तात पहारा आहे. आत काय चाललंय ते त्याला दिसतच नाही."

काझींनी खुर्ची मागे सरकवली. त्यांना पटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "अहवाल आहे?"

"उद्या येईल. उद्यापर्यंत थांबायचं का?"

काझींनी पुन्हा कपाटाकडे पाहिलं. शेवटी योगिताच म्हणाली, "भटकं कुत्रं लिहा. मणी नसलेलं. चावून पळून गेलं."

काझींनी तिच्याकडे पाहिलं. मग लिहिलं. कपाटाचं कुलूप उघडलं.

गालात सीरम टोचताना बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. प्रसन्न दाराबाहेर गेला होता, त्याला बघवत नव्हतं. अण्णा पलंगाशेजारी उभे होते. बाईंनी चाचपडत हात पुढे केला आणि अण्णांनी तो धरला. योगिताने भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर इथेही तोच फलक होता. हिरवा दिसला? निर्धास्त राहा.

सोमवारी दुपारी अहवाल आला. रेबीज.

पुढचे दिवस सगळ्यांनी श्वास धरून काढले. लसीचे उरलेले डोस बाईंनी नाशिकलाच घेतले. अण्णांनी योगिताकडून नवा फोन मागून घेतला आणि चालवायला शिकून घेतला. रोज सकाळी ते बाईंना व्हिडिओ कॉल लावायचे आणि एवढंच विचारायचे, "पाणी प्यालात?" बाई पेला तोंडाला लावून दाखवायच्या. घोट खाली गेला की मगच अण्णा स्वतः चहा घ्यायचे. एकदा बाईंना ठसका लागला आणि अण्णा दिवसभर जेवले नाहीत.

डॉ. बेलसरेंनी योगिताला केबिनमध्ये बोलावलं. अहवाल त्यांच्यासमोर उलटा ठेवलेला होता.

"बाईंची नोंद भटक्या कुत्र्याची आहे, हे फार बरं झालं," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या नोंदीत मण्याचा नंबर नाही, बाईंच्या नोंदीत कुत्रंच वेगळं. हिरव्या मण्याच्या कुत्र्याने कुणाला धोका झाला, असं रेकॉर्डवर काहीच नाही. वरती मी गुपचूप टिपण पाठवतो. ते नियम बघतील."

"कधी?"

"वेळ लागतो अशा गोष्टींना."

"सर, तोवर जखम झालेली किती पिल्लं मी हिरवी करत राहू?"

बेलसरे वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तीन वर्षं एक मृत्यू नाही, योगिता. त्याआधीची वर्षं तुम्हीही पाहिलीत. मण्यावरचा विश्वास उडाला तर ती परत येतील. तुम्ही जबाबदारी घेणार?"

घरी जाताना तिला दिसलं की ते खोटं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. बेलसरेंच्या, प्रसन्नच्या, अण्णांच्या. तिच्याही. पिल्लाची जखम तिने नीट पाहिली नव्हती, हे कुणाला कधी कळणार नव्हतं. ते खोटं सुचलंही तिलाच होतं.

पुढचा लसीकरण कॅम्प दीड महिन्याने, शाळेच्या पटांगणात होता. दरवर्षीप्रमाणे आधी माहितीची सभा. शंभरेक माणसं सतरंजीवर बसली होती, कडेला दोऱ्यांना बांधलेली कुत्री. अण्णा मधल्या रांगेत होते. योगिता बोलायला उभी राहिली.

"हिरवा मणी म्हणजे लस लागू पडली," ती म्हणाली. "ती प्रत्येक कुत्र्याला द्यायचीच, दरवर्षी द्यायची. तिच्यामुळेच आपल्याकडे माणसं मरायची थांबली. पण लसीच्या आधीच कुत्र्याला लागण झाली असेल तर मणी हिरवा असूनही ते पिसाळू शकतं. क्वचित होतं, पण होतं. म्हणून यापुढे कुठलंही कुत्रं चावलं, रंग कुठलाही असो, जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायचं, आणि कुत्र्याला न मारता दहा दिवस बांधून नजर ठेवायची. पिल्लू सापडलं आणि अंगावर जखम असेल तर मला आधी ती दाखवायची. मी एकदा ती नीट पाहिली नाही. चूक माझी आहे."

कुजबुज सुरू झाली. किराणा दुकानदार भास्कर लोणे उठून उभा राहिला. त्याचा दांडगा अल्सेशियन त्याच्या पायाशी होता.

"मॅडम, हिरव्यावर भरवसा नाही म्हणता, मग आम्ही हा मणी बसवायचा कशाला? आणि असं कुठे घडलंय? दवाखान्याच्या वेबसाईटवर सगळ्या नोंदी असतात. हिरवं कुत्रं चावून काही झालं अशी एक नोंद दाखवा."

"घडलंय," योगिता म्हणाली.

"कुणाला? नाव सांगा."

योगिताने अण्णांकडे पाहिलं. ते नाव सांगायचा हक्क तिचा नव्हता. मागून कुणीतरी हसलं. एक माणूस कुत्र्याची दोरी सोडून निघायच्या तयारीला लागला. बाजूला उभे असलेले डॉ. बेलसरे माइकच्या दिशेने दोन पावलं आले.

"मला चावलं," मागच्या बाजूने आवाज आला.

फाटकाजवळ खडतरेबाई उभ्या होत्या. हातात प्रवासाची पिशवी होती, बसमधून उतरून सरळ आलेल्या दिसत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. निम्म्या सभेला त्यांनी बाराखडी शिकवली होती. सगळे आपोआप गप्प झाले.

"डाव्या गालाला. मणी हिरवा होता, मी स्वतः बघितला, आणि हळद लावून गावाला गेले. पाचव्या दिवशी योगिताने मला शोधून काढलं नसतं तर मी आज इथे नसते. नोंदीत भटकं कुत्रं लिहिलंय. ते खोटं आहे. ते उद्या जाऊन मी बदलणार आहे." त्या क्षणभर थांबल्या. "कुत्री यशवंतराव शेट्यांची होती. मी त्यांच्या घरी होते. मी रोज जाते."

भास्करने खाली पाहिलं आणि आपल्या कुत्र्याच्या मानेवर हात फिरवला.

"इंजेक्शनं झाली ना बाई सगळी?" त्याने हळूच विचारलं.

"झाली. डॉक्टर म्हणतात, उशिरा सुरू झाली तरी बहुतेक निभावलं. बहुतेक. वर्षभर लक्ष ठेवायला सांगितलंय. दीड महिना झालाय."

बेलसरे जिथे होते तिथेच थांबले. मग त्यांनी मागे वळून टेबलावरची लसीची पेटी उघडली आणि सुया मांडायला घेतल्या. निघालेला माणूस परत बसला. भास्करने अल्सेशियनला ओढत सगळ्यात पुढे आणलं.

खडतरेबाई पिशवी उचलून सतरंजीच्या कडेने चालत आल्या. सगळं गाव बघत होतं. अण्णा जागेवरून थोडे सरकले, आणि बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.